ओसरीवरचा पट

1856 सालच्या जून महिन्यात धारवाडच्या सरकारी शाळेत एक महार मुलगा नाव घालायला गेला आणि शाळेनं त्याला परत पाठवलं. यात नवल काहीच नाही. मुंबई इलाख्यातल्या कुठल्याही शाळेत तेव्हा हेच घडलं असतं. नवल पुढे आहे. हा मुलगा मुकाट्यानं घरी बसला नाही. त्यानं मुंबई सरकारकडे अर्ज केला. शाळा सरकारची आहे, तेव्हा सरकारनंच मध्ये पडून मला आत घ्यायला लावावं, असा त्या अर्जाचा मतलब होता.

सरकारनं त्यावर 21 जुलै 1856 रोजी ठराव केला. आपल्याकडच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना बहुतेक जण वुडच्या 1854 च्या शिक्षणविषयक खलित्यापाशी थांबतात. मला हा ठराव जास्त बोलका वाटतो. त्यात सरकार म्हणतं, की न्याय अर्जदाराच्या बाजूनं आहे यात शंका नाही. लगेच पुढे म्हणतं, की हा न्याय तत्त्वापुरता आहे. युगानुयुगं चालत आलेल्या समजुतींना एका माणसासाठी एकदम हात घातला, तर शिक्षणाच्या कामाचंच नुकसान होईल. आणि अर्जदाराची अडचण काही या सरकारनं निर्माण केलेली नाही, म्हणून ती तडकाफडकी दूर करणं सरकारच्या हातात नाही. आज ना उद्या हे पूर्वग्रह जातील अशी आशाही ठरावात आहे.

अर्जाला दिलेला नकार इतक्या सभ्य शब्दांत क्वचितच वाचायला मिळतो. सरकारी कचेरीत ज्याला कधी हेलपाटे घालावे लागले आहेत, त्याला ही भाषा ओळखू येईल. तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, पण... या ‘पण’नंतरच खरा निर्णय सुरू होतो. इथे निर्णय असा होता, की समतेचा खर्च कुणावर टाकायचा तर तो त्या एकट्या मुलावर. शाळेतली इतर मुलं उठून जातील, शाळा ओस पडेल, हा धोका सरकारला मोठा वाटला. एक मुलगा अडाणी राहील, हा धोका पत्करता येण्याजोगा वाटला. पुढे कलकत्त्यापासून लंडनपर्यंत ज्याच्या अर्जाची चर्चा व्हायची होती, त्याचा उल्लेख 1882 मध्ये नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगाच्या अहवालात एक महार मुलगा एवढाच आहे.

ठराव झाला तेव्हा मुंबईच्या गव्हर्नरपदी लॉर्ड एल्फिन्स्टन होते. हे ज्यांच्या नावानं कॉलेज निघालं त्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे पुतणे. योगायोग म्हणून हे सोडून देता येईल, पण पुतण्यानं जे धोरण चालवलं त्याची पायवाट काकांनीच पाडलेली होती. पेशवाई 1818 मध्ये बुडाली. पुण्याच्या ब्राह्मणवर्गाला नव्या राज्यात सामावून घ्यायचं, तो बिथरू द्यायचा नाही, ही काकांची मोठी काळजी. पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशातून 1821 साली पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली ती याच हिशेबानं. शिक्षणावरच्या आपल्या टिपणात त्यांनी नोंदवलं, की मिशनऱ्यांना सर्वांत खालच्या जातींतले विद्यार्थी उत्तम वाटतात. मात्र त्यांना खास उत्तेजन देताना सांभाळून राहावं, कारण शिक्षण आधी त्यांच्यात रुजलं तर ते तिथून वर कधी पसरणार नाही. वरचे लोक शिकू द्यावेत, मग ज्ञान हळूहळू खाली पाझरेल, ही जी पुढे इंग्रजी अमलाची लाडकी कल्पना झाली तिचं हे बी. पाणी खाली पाझरतं हे खरं. पण वरच्या शेतानं बांध घातला असेल तर ते पाझरत नाही, हे सांगायला शेतकरीच लागतो. तसा सांगणारा पुढे भेटला. त्याच्याकडे येतोच.

त्या वेळी दुसरं काही शक्यच नव्हतं असं म्हणावं, तर पुणं आडवं येतं. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1848 मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली होती आणि 1852 च्या सुमारास महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा सुरू केल्या होत्या. त्याच वर्षी विश्रामबागवाड्यात सरकारच्या वतीनं जोतीरावांचा जाहीर सत्कार झाला. त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा महार-मांगांच्या दुःखावरचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये 1855 साली छापून आला. म्हणजे धारवाडचा अर्ज यायच्या आदल्याच वर्षी एक अस्पृश्य मुलगी छापील मराठीत धर्माला आणि सत्तेला जाब विचारत होती. सरकारला हे माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. शाल सरकारनंच दिली होती. फरक एवढाच, की फुल्यांची शाळा वेगळी होती. तिथे कुणाच्या शेजारी कुणाला बसवायचा प्रश्न नव्हता. धारवाडच्या मुलानं मात्र आहे त्याच शाळेत, आहे त्याच सतरंजीवर जागा मागितली.

धारवाडचं प्रकरण कलकत्त्याला गेलं. हिंदुस्थान सरकारनं जानेवारी 1857 मध्ये कळवलं, की बंगालमध्ये सरकारी शाळेत या मुलाला नाही म्हटलं गेलं नसतं. मुंबईला हा टोमणा लागलाच असणार. मग कागद लंडनला गेले. तिथून कंपनीच्या डायरेक्टरांचं उत्तर आलं 1858 साली, म्हणजे मधल्या वर्षी उत्तर हिंदुस्थान पेटल्यावर. उत्तर चांगलं खणखणीत होतं. सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत, या तत्त्वापासून आम्ही ढळणार नाही. त्यापायी काही विद्यार्थी निघून गेले तरी चालेल. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी आपली वर्गणी काढून घ्यावी आणि आपल्या पैशानं आपल्या शाळा काढाव्यात.

यानंतर मुंबई सरकारनं जे केलं त्याला कारकुनी कसब म्हणावं लागेल. 1858 च्या प्रसिद्धिपत्रकात त्यांनी जाहीर केलं, की ज्या शाळा निव्वळ सरकारी खर्चानं चालतात त्या सर्व प्रजेला भेदभाव न करता खुल्या राहतील. मात्र ज्या शाळांचा खर्च गावचे लोक वाटून घेतात आणि त्यांचा याला आक्षेप आहे, त्या शाळांत खालच्या जातींची मुलं घालण्याचा सरकारचा विचार नाही. अशा शाळांची मदत बंद करण्याचा हक्क आपण राखून ठेवत आहोत, असंही त्यात जोडलं. हक्क राखून ठेवला. वापरला मात्र नाही.

नीट पाहिलं तर या एका ‘निव्वळ’ शब्दात सगळं आलं. गावोगावच्या प्राथमिक शाळा निव्वळ सरकारी खर्चाच्या नव्हत्याच. कुठे गावानं जागा दिलेली, कुठे वर्गणी, कुठे एखाद्या श्रीमंताची देणगी. शाळेला स्वतःची इमारत असणं ही चैन होती. वर्ग भरायचा तो मारुतीच्या देवळात, धर्मशाळेत किंवा कुणा ब्राह्मणाच्या वा वाण्याच्या वाड्याच्या ओसरीवर. ज्या देवळाची पायरी चढायची ज्याला मुभा नाही, त्याला त्याच देवळातली शाळा खुली आहे असं कागदावर सांगणं सोपं असतं. दार उघडंच होतं. ते देवळाचं होतं एवढंच.

1860 नंतर आणखी एक गंमत झाली. सरकारनं शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा असा जादा कर बसवला. त्यातला दोन तृतीयांश रस्त्यांना, एक तृतीयांश शाळांना. हाच तो लोकल फंड. फंडातून शाळा निघाल्या, आणि खेड्यापाड्यांत त्यांना ‘फंडाची शाळा’ म्हणू लागले. आता हा आणा भरत कोण होतं? कुणबी भरत होता, माळी भरत होता, आणि वतनी जमीन कसणारा महारही भरत होता. शाळेत बसत होती ती मात्र बहुतेक कुलकर्ण्याची, वाण्याची, सोनाराची मुलं. कुणब्याचं पोर गुरांमागे आणि महाराचं पोर शाळेच्या बाहेर. पैसा सगळ्यांचा असला की हक्कही सगळ्यांचा होतो, असा साधा समज कुणाचा असेल तर या शाळांनी तो मोडून काढला.

कुठे कुठे अधिकाऱ्यांनी नेट लावला, तेव्हा काय झालं तेही सांगायला हवं. गुजरातेत खेडा जिल्ह्यात ढेड जातीच्या मुलांना शाळेत घेतलं गेलं तेव्हा पाच-सहा मोठ्या शाळा काही वर्षं बंद राहिल्या. एवढ्यावर भागलं नाही. खालच्या जातींच्या झोपड्या आणि उभी पिकं जाळली गेली. 1856 च्या ठरावात जी भीती व्यक्त झाली होती ती निराधार नव्हती, असं यावरून कुणी म्हणेल. माझ्या मते यातून उलटंच दिसतं. झोपड्या जळाल्या त्या शाळेत मुलं घातली म्हणून नव्हे, तर मुलं घालून सरकार बाजूला झालं म्हणून. ज्यानं हुकूम काढला त्याचं काही जळलं नाही.

3 फेब्रुवारी 1882 रोजी सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. इलाख्याइलाख्यांतून साक्षी-निवेदनं आली. त्यात पुण्याहून आलेलं, 19 ऑक्टोबर 1882 ही तारीख असलेलं जोतीराव फुल्यांचं निवेदन आहे. त्यावर आजवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, तरी एक गोष्ट मला नेहमी वाटते. जोतीरावांची साक्ष वाचताना आपण त्यांचा संताप वाचतो आणि हिशेब सोडून देतो. साक्षीत हिशेबच जास्त आहे. सरकारच्या तिजोरीत येणारा पैसा रयतेच्या घामाचा, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या मुलांच्या उच्च शिक्षणावर. हे किती दिवस चालवणार? निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, लोकल फंडाचा निम्मा पैसा प्राथमिक शाळांकडे वळवा, असं ते मागतात. पंतोजी ब्राह्मणच का, शेतकऱ्यांतून शिक्षक तयार करा, म्हणजे ते नांगर धरायला किंवा सुताराचा वाकस हाती घ्यायला लाजणार नाहीत आणि खालच्या थरांत सहज मिसळतील. त्यांना पगार बारा रुपयांच्या खाली नको, मोठ्या गावात पंधरा-वीस द्या. शिकवा काय? मोडी, बाळबोध, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान. शिक्षकाच्या पगारावर इतकं नेमकं बोलणारी साक्ष क्वचितच सापडेल.

त्याच निवेदनात एक अशी मागणी आहे, जी वाचताना अडखळायला होतं. जिथे महार-मांगांची वस्ती मोठी आहे तिथे त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा काढाव्यात, कारण जातिद्वेषामुळे त्यांना इतर मुलांबरोबर बसू देत नाहीत, असं जोतीरावांनी म्हटलं. ज्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, त्यांनी वेगळी शाळा मागावी? पण स्वतः शाळा चालवलेल्या माणसाची ही मागणी होती. मुलगा आत्ता आठ वर्षांचा आहे. समाज सुधारेपर्यंत तो थांबू शकत नाही, हे त्यांना माहीत होतं.

हंटर आयोगानं दोन्ही हातांनी दिलं. कुठल्याही मुलाला केवळ जातीवरून सरकारी शाळेत नाकारू नये, या तत्त्वाला पुन्हा दुजोरा दिला, ते सावधपणे राबवावं असंही म्हटलं, आणि वेगळ्या शाळांना उत्तेजन द्यावं अशी शिफारस केली. तेव्हा सगळ्या मुंबई इलाख्यात अशा वेगळ्या शाळा होत्या 16, आणि त्यांत मुलं 564. प्राथमिक शाळांच्या एकूण पटावर खालच्या जातींची मुलं शेकडा एकाहूनही कमी होती.

ज्या शाळांत अशी मुलं कशीबशी शिरली तिथे एक मधली व्यवस्था आपोआप तयार झाली. ती कुठल्या ठरावात नाही. मूल शाळेत, पण वर्गात नाही. त्याची जागा ओसरीवर, पडवीत, खिडकीखाली. आतलं शिकवणं कानावर पडेल तेवढं आपलं. मास्तर पाटीला हात लावणार नाही. ती जमिनीवर ठेवायची, मागे सरायचं, मास्तरांनी लांबून पाहायची. छडी मारायची वेळ आली तर ती फेकून मारायची. पटावर मात्र नाव असायचं. डिपुटी इन्स्पेक्टर तपासणीला आला, की अमुक शाळेत तमुक जातीची इतकी मुलं, असा आकडा वर जायचा आणि दार उघडं असल्याचा पुरावा होऊन बसायचा.

कोकणात दापोलीला हे प्रकरण गाजलं. दापोली कॅम्प म्हणजे लष्करातून निवृत्त झालेल्यांचं गाव. इथे महार आणि चांभार पेन्शनर बरेच होते, आणि ते शिकलेले होते. ही मोठी मौज होती. कंपनीच्या पलटणीत हिंदी शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं असे. म्हणजे जे सरकार धारवाडच्या एका मुलाला शाळेत बसवू शकत नव्हतं, तेच आपल्या छावणीत अस्पृश्य शिपायांची पिढीच्या पिढी साक्षर करू शकत होतं. रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर याच पलटणीतून शिकून आले होते, आणि सेवेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी अस्पृश्यांच्या हक्कांसाठी लेखणी हातात घेतली. दापोलीच्या पेन्शनरांनी 1890 नंतरच्या वर्षांत नगरपालिकेच्या शाळेबद्दल अर्जांवर अर्ज केले. त्यांची मुलं व्हरांड्यात बसवली जात. तो व्हरांडा मान्य नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. धारवाडचा अर्जदार एकटा होता. इथे सह्या करणाऱ्यांची रांग होती, आणि त्यांना अर्ज कसा लिहायचा, कुणाकडे पाठवायचा, नियम कुठला दाखवायचा हे ठाऊक होतं.

लष्करी शाळेत मुख्याध्यापकी केलेले सुभेदार रामजी आंबेडकर निवृत्त होऊन याच दापोलीत काही काळ राहिले. पुढे ते साताऱ्याला गेले. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात त्यांच्या धाकट्या मुलाचं नाव दाखल झालं: भिवा रामजी आंबेडकर, रजिस्टर क्रमांक 1914. शाळा सरकारी, प्रवेश रीतसर. बसायला घरून आणलेला गोणपाटाचा तुकडा, तो वर्गाच्या कोपऱ्यात अंथरायचा, आणि शाळा सुटल्यावर परत न्यायचा. झाडणारा नोकर त्याला शिवत नसे. तहान लागली तर मास्तरांची परवानगी काढायची, मग शिपायानं नळ सोडायचा. शिपाई जागेवर नसेल तर पाणी नाही. धारवाडनंतर चव्वेचाळीस वर्षांनी दार उघडलं होतं ते एवढं.

एव्हाना कोल्हापुरात वेगळं काही सुरू झालं होतं. शाहू महाराजांनी 1901 पासून जातवार वसतिगृहं काढायला सुरुवात केली होती, आणि 26 जुलै 1902 च्या हुकुमानं सरकारी नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या होत्या. अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह 1908 मध्ये निघालं. जातवार वसतिगृहांवर तेव्हाही टीका झाली, आजही होते: जाती मोडायच्या तर जातीजातीची घरं का बांधायची? टीका अगदीच पोकळ नाही. पण खेड्यातून कोल्हापुरात शिकायला आलेल्या मुलाला कोण घरात ठेवून घेणार, जेवायला कोण वाढणार, हा पहिला प्रश्न होता. शाळा मोफत केली तरी वसतिगृहाशिवाय ती शहरातल्यांचीच राहते, हे महाराजांनी ओळखलं.

इकडे ब्रिटिश हिंदुस्थानात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक वरिष्ठ कायदेमंडळात आणलं. 1912 मध्ये ते 13 विरुद्ध 38 मतांनी पडलं. सरकारकडे पैसा नाही, लोकांची तयारी नाही. तीच 1856 ची भाषा. मात्र सयाजीराव गायकवाडांनी बडोद्याच्या अमरेली तालुक्यात 1893 मध्येच सक्ती सुरू केली होती आणि 1906 मध्ये ती सगळ्या संस्थानात नेली होती. तेव्हा पैसा आणि तयारी ही सबबच होती, असं म्हणायला हरकत नाही.

कोल्हापूरचा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा 1917 च्या सप्टेंबरात झाला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. आज एक रुपया हसण्यावारी जाईल, पण शेतमजुराला तो चांगलाच बोचणारा होता. कायद्याखालच्या पहिल्या शाळा मार्च 1918 मध्ये सुरू झाल्या आणि पाचेक वर्षांत त्यांची संख्या चारशेच्या पुढे गेली. खर्चासाठी देवस्थानांच्या उत्पन्नाकडेही हात गेला. ज्या देवळांत शाळा भरायच्या आणि ज्यांच्या उंबऱ्याबाहेर काही मुलं उभी राहायची, त्याच देवळांचं उत्पन्न आता त्या मुलांसाठी लागू लागलं. याला काव्यगत न्याय म्हणण्याचा मोह होतो, पण महाराजांना त्यात काव्य दिसत नसावं. त्यांना तिजोरीत खडखडाट दिसत होता.

मला या सगळ्यात सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट 1919 ची. तोवर कोल्हापुरातही अस्पृश्यांच्या शाळा वेगळ्याच होत्या. म्हणजे महाराजांनीही दीर्घकाळ तोच मधला मार्ग धरला होता. जानेवारी 1919 मध्ये त्यांनी हुकूम काढले. शाळांत, दवाखान्यांत, कचेऱ्यांत अस्पृश्यांना इतरांसारखंच, किंबहुना जास्त ममतेनं वागवलं पाहिजे. ज्या नोकराला हे करायची इच्छा नसेल त्यानं सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा. त्याला पेन्शन मिळणार नाही. ज्या खासगी शाळा सरकारी मदत घेतात, त्यांनी हे पाळलं नाही तर मदत बंद. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर आणखी एक हुकूम निघाला, की अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा दसऱ्यापासून बंद कराव्यात आणि त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत घ्यावं.

धारवाडचा ठराव आणि हा हुकूम शेजारी ठेवून पाहावेत. दोन्ही सरकारी कागद, दोघांसमोर प्रश्न एकच. मुंबई सरकारला शिक्षक, गावकरी, वर्गणीदार यांची भीती वाटली आणि त्यांच्या भीतीची किंमत मुलाकडून वसूल झाली. कोल्हापुरात मुलाकडे कुणी काही मागितलं नाही. मास्तराला विचारलं, की पेन्शन हवी की सोवळं? संस्थाचालकाला विचारलं, ग्रँट हवी की पंगतभेद? महाराज समतेवर भाषण देऊ शकत होते, आणि देतही असत. पण मास्तर भाषणानं हलत नाही हे ज्या राजाला कळलं, तो हुकुमात पेन्शनचा उल्लेख विसरत नाही. लोकांची मनं आधी बदलू द्या, मग नियम करू, हा क्रम त्यांनी उलटा केला.

अर्थात संस्थानात हे जमलं ते राजाच्या एका सहीनं. मुंबई इलाख्यात तशी सही करणारं कुणी नव्हतं. तिथे 1923 च्या ऑगस्टमध्ये रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव कायदे कौन्सिलात मंजूर झाला: सार्वजनिक पैशानं चालणाऱ्या विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले. खात्यांना तशा सूचना गेल्या. महाडच्या चवदार तळ्यावर 1927 मध्ये अस्पृश्यांच्या सत्याग्रहात जे घडलं ते याच ठरावाचं पाणी चाखून पाहायला गेल्यावर. त्याच मार्चमध्ये, महाडच्या आठवडाभर आधी, कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर डॉ. आंबेडकर बोलले. साताऱ्याच्या गोणपाटाचा त्यात उल्लेख नाही, आकडे आहेत. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त अठरा पोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात. मग या खर्चाचा उपयोग काय? दारूच्या उत्पन्नातून सरकार लोकांकडून जेवढं घेतं तेवढं तरी शिक्षणावर परत खर्च करावं, अशी त्यांची मागणी. जोतीरावांच्या साक्षीनंतर पंचेचाळीस वर्षांनी पुन्हा तोच जमाखर्च, फक्त आता मांडणारा सभागृहात बसलेला होता.

त्या सुमारास साताऱ्यात भाऊराव पाटलांचं वसतिगृह उभं राहिलं होतं. भाऊराव कोल्हापुरात शिकलेले, शाहू महाराजांचा आणि सत्यशोधक चळवळीचा संस्कार घेतलेले. 1919 मध्ये काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्याला वसतिगृह. इथे महाराजांच्या पद्धतीला त्यांनी पुढचा वळसा दिला. वसतिगृह जातवार नव्हतं. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी मुलं एका छपराखाली, एका चुलीवरचं जेवायची. वसतिगृह उभं करताना भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने मोडले गेले. धान्य कमी पडलं की त्या घरचं आणून शिजवत. 1927 मध्ये गांधीजींनी या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं. मुलं पाणी शेंदायची, भाजी चिरायची, भाकऱ्या थापायची, पाळीपाळीनं वाढायची. पंगतीत कुणाच्या शेजारी कोण बसलं आहे हे पाहायला वेळ नसायचा; वाढणाऱ्याच्या हातातली भाकरी आपल्यापर्यंत पुरेल का, तिकडे सगळ्यांचं लक्ष असायचं. जिथे भिवा आंबेडकर आपला गोणपाट गुंडाळून घरी न्यायचा, ते हायस्कूल याच गावात होतं.